वाचक विचारतात : कॉलेजात राजकारण नको, पण कुणाचं?

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले होते : ‘अमेरिकेत सध्या कॉलेजांपेक्षा कॉलेजं तपासणाऱ्यांचीच जास्त तपासणी चाललीय.’ बाकीचा लेख राहिला बाजूला, त्या एका वाक्यावर सतरा पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतलीयत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख : मिरजेला संख्याशास्त्र शिकवायचे, मग नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेच्या दक्षिणेत गेले आणि तिथल्या एका सरकारी कॉलेजात चौदा वर्षं अ‍ॅक्रेडिटेशनचे (म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासून मिळणाऱ्या मान्यतेच्या कागदांचे) गठ्ठे बांधले. २०१९ला सांगलीला परतले. आता निवांत बसू म्हटलं, तर ओळखीच्या संस्थाचालकांनी नॅकच्या, म्हणजे आपल्याकडच्या कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, कामाला जुंपलं. म्हणजे दोन्हीकडची फायलींची धूळ खाल्लेली बाई आहे, एवढ्या अधिकाराने उत्तरं देते.

मॅडम, माझ्या मुलीला फ्लोरिडातल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या एम.एस.ला प्रवेश मिळालाय. कर्ज मंजूर झालंय, घर तारण आहे. आता एक परिचित म्हणतात की तिथल्या सरकारने कायदा करून विद्यापीठांना अ‍ॅक्रेडिटेशन बदलायला लावलंय. उद्या डिग्री रद्दीत गेली तर आम्ही काय करायचं? — एक वडील, नाशिक

घर तारण आहे म्हटल्यावर आधी मुद्द्याचं सांगते : डिग्री रद्दीत जाणार नाही.

तुमच्या परिचितांनी सांगितलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. फ्लोरिडाने २०२२मध्ये कायदा केला की सरकारी कॉलेजांनी लागोपाठ दोन फेऱ्या एकाच संस्थेकडून मान्यता घ्यायची नाही. फेरी साधारण दहा वर्षांची असते. म्हणजे एक तपासणी झाली की पुढच्या वेळी दुसरं दार. पण एक दार सोडून दुसऱ्यात पाय टाकेपर्यंत मधल्या अंगणात कोणी उभं राहत नाही. कारण साधं आहे. मान्यता नसलेल्या कॉलेजातल्या अमेरिकन मुलांना केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही, गरीब मुलांसाठीची पेल ग्रँट मिळत नाही. ही रक्कम देशभरात वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर जाते. ज्या दिवशी सरकारी विद्यापीठाची मान्यता खरोखर जाईल, त्या दिवशी तिथल्या मुलांचे आईबाप गव्हर्नरच्या दारात असतील. गव्हर्नरलाही ते ठाऊक आहे.

जून २०२५मध्ये फ्लोरिडा, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना, टेनेसी आणि टेक्सास इथल्या सरकारी विद्यापीठ-समूहांनी मिळून स्वतःची नवी मान्यता-संस्था काढायची घोषणा केली, ‘कमिशन फॉर पब्लिक हायर एज्युकेशन’. नव्या संस्थेला केंद्राच्या शिक्षण खात्याची ओळख मिळावी लागते आणि ते दोन दिवसांचं काम नाही. तोवर कॉलेजं जुनी मान्यता हातची सोडत नाहीत.

तुमच्या मुलीच्या दृष्टीने मान्यता कुठे आडवी येते ते नीट लिहून ठेवा. शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने काम करता येतं. आपल्या मुलांना हवी असते ती त्यापुढची स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची) चोवीस महिन्यांची वाढ, आणि ती मान्यताप्राप्त संस्थेच्या पदवीवरच मिळते. एचवन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या असतात. त्यासाठी कॉलेज मान्यताप्राप्त तर हवंच, शिवाय सरकारी किंवा ना-नफा हवं. तुमचं सरकारी आहे, उत्तम. परत आली तर इथे यूजीसीचे २०२५चे परदेशी पदव्यांबाबतचे नियम आहेत. तेही आधी हेच विचारतात की ती संस्था तिच्या देशात रीतसर मान्य आहे का.

एजंट ‘हंड्रेड पर्सेंट अ‍ॅक्रेडिटेड’ म्हणाला तर मान डोलवू नका. कोणाकडून, ते विचारा. मग अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी आहे, तिथे स्वतः कॉलेजचं नाव टाकून बघा. आणि ‘एबेट नाहीये’ म्हणून कोणी घाबरवलं तर तिकडे दुर्लक्ष करा. ती अभ्यासक्रमाची वेगळी मान्यता आहे, एम.एस. कॉम्प्युटरचे बहुतेक चांगले अभ्यासक्रम तिच्या वाटेलाच जात नाहीत.

अ‍ॅक्रेडिटेशन राजकीयदृष्ट्या तटस्थ असावं, असं विधेयक अमेरिकेच्या संसदेत आल्याचं वाचलं. मला तर ते रास्त वाटतं. मूल्यांकन शिक्षणाचं व्हावं, विचारांचं कशाला? आपल्या नॅकलाही असाच कायदा लागू करावा का? — राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक, कोल्हापूर

सर, वाचायला रास्तच आहे. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान हलवली होती.

विधेयक असं. २०२३ साली यूटाचे रिपब्लिकन खासदार बर्जेस ओवेन्स यांनी ते मांडलं. हे गृहस्थ एकेकाळचे व्यावसायिक फुटबॉलपटू. आपला फुटबॉल नव्हे, हातात घेऊन पळतात तो. नाव होतं ‘अ‍ॅक्रेडिटेशन फॉर कॉलेज एक्सलन्स’. सार एवढंच की मान्यता देणाऱ्या संस्थेने कॉलेजला कुठल्याही पक्षीय, राजकीय किंवा वैचारिक मताची बाजू घ्यायला अथवा विरोध करायला भाग पाडू नये, तसं उत्तेजनही देऊ नये. धार्मिक कॉलेजांना आपापल्या श्रद्धेप्रमाणे वागायची मोकळीक ठेवली. पुढे हे विधेयक दुसऱ्या एकात मिसळलं आणि जोडगोळीचं नाव पडलं ‘एंड वोक हायर एज्युकेशन अ‍ॅक्ट’. ‘वोक’ हा तिकडे डाव्या विचाराच्या लोकांना हिणवायचा शब्द. तटस्थतेच्या कायद्याला हे नाव म्हणजे पंचाने एका संघाचा टी-शर्ट घालून मैदानात उतरावं तसं झालं. १९ सप्टेंबर २०२४ रोजी ते प्रतिनिधिगृहात २१३ विरुद्ध २०१ मतांनी मंजूर झालं. सिनेटने त्याला हात लावला नाही आणि संसदेची मुदत संपल्यावर तेही संपलं. २०२५मध्ये ओवेन्सनी मूळ विधेयक पुन्हा मांडलं.

आपल्या वाचकांचा गोंधळ होतो तो इथे : अमेरिकेतले अ‍ॅक्रेडिटर सरकारी नाहीत. आपली नॅक यूजीसीने १९९४ला बंगळुरूत काढली, तसं तिकडे झालं नाही. न्यू इंग्लंडमधल्या कॉलेजवाल्यांनी १८८५मध्ये आपसात एक मंडळ काढलं, मग इतर भागांनी. कॉलेजांनी कॉलेजांना तपासायचं, म्हणजे आपली भिशी म्हणा ना. सरकारचा संबंध आला दुसऱ्या महायुद्धानंतर. परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी १९४४च्या कायद्याने पैसे मिळायला लागले आणि ते पैसे खायला रातोरात बोगस शाळा उगवल्या. (ओळखीचं वाटतंय ना?) मग १९५२च्या कायद्याने पैसे कुठल्या संस्थेला द्यायचे हे ठरवताना सरकारने या भिशीवाल्यांच्या यादीचा आधार घेतला. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्याने तो आणखी पक्का झाला. तेव्हापासून ही खाजगी मंडळं सरकारी तिजोरीच्या दारावरची द्वारपाल झाली. दारावर जो उभा असतो त्याला आपल्या बाजूला वळवावंसं सगळ्यांना वाटतं. भांडणाचं मूळ ते आहे.

आता विधेयकवाल्यांची तक्रार. गेल्या दहाएक वर्षांत काही मंडळांनी आपल्या निकषांत विविधता, समता, समावेशन असे शब्द घातले. कॉलेजने त्यासाठी काय केलं ते दाखवा. विरोधक म्हणतात, ही एका विचाराची सक्ती आहे. मी हा कागद स्वतः भरलाय, म्हणून सांगते. आमच्या एका अभ्यासक्रमाच्या वेगळ्या मान्यतेसाठी ‘समावेशनाशी असलेली बांधिलकी’ यावर मजकूर हवा होता. मी आणि एक सहकारी अशा दोघींनी शुक्रवारी दुपारी बसून तीन पानं साखरेत घोळून लिहिली. वाचणाऱ्यांनी वाचली, खूण केली, पुढे गेले. कॉलेजात एक खुर्चीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. कोणाच्या डोक्यात विचार भरण्याइतकी ताकद त्या तीन पानांत नव्हती. पण तीन पानं लिहायला लावायचीच कशाला, हा प्रश्न मलाही तेव्हा पडला होता, आणि तो रिपब्लिकन आहे म्हणून खोटा ठरत नाही.

नॅकमध्ये हेच क्रायटेरियन सेव्हन. संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम प्रथा, हजारातले शंभर गुण. स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, दिव्यांगांसाठी सोयी, संविधानातली मूल्यं आणि कर्तव्यं. यातलं काहीच वाईट नाही. आता एक दृश्य सांगते. २६ नोव्हेंबर, संविधान दिन. सकाळी मैदानावर मुलांनी उद्देशिका वाचली, छान खणखणीत वाचली. वर्गात गेली. साडेअकराला आयक्यूएसीच्या, म्हणजे नॅकची कागदपत्रं सांभाळणाऱ्या समितीच्या, खोलीत कळलं की फोटो काढणाऱ्या सरांच्या मोबाइलचं लोकेशन बंद होतं. फोटोवर अक्षांश-रेखांश नाहीत. जिओटॅग नाही म्हणजे पुरावा नाही. मग पुन्हा घंटा, पुन्हा चारशे मुलं उन्हात, पुन्हा ‘आम्ही भारताचे लोक’. बॅनरवर तारीख मागच्या वर्षीची होती, ती शिपायाने रंगीत खडूने दुरुस्त केली. दुसऱ्या वेळी ‘बंधुता’ येईपर्यंत मागच्या रांगा खिदळत होत्या. फोटोत ते दिसत नाही. अक्षांश-रेखांश मात्र स्पष्ट आहेत.

तेव्हा मूल्यांचं मूल्यांकन करायला गेलं की बहुतेक वेळा खडू आणि जिओटॅग हाती लागतो, इथवर मी तुमच्याबरोबर आहे.

माझं अडतं ते विधेयकातल्या ‘वैचारिक’ या शब्दाशी. विचारसरणी कुठे संपते आणि विषय कुठे सुरू होतो? नर्सिंगच्या मुलीला शिकवतात की बुरख्यातल्या बाईला तपासताना आधी काय विचारायचं, पडदा कसा ओढायचा. ही विचारसरणी की नर्सिंग? तुमच्या शेजारच्या मराठी विभागात दलित साहित्याचा पेपर आहे. उद्या कोणी म्हणालं, हा राजकीय आहे, तपासणाऱ्याने याची दखल घेऊ नये, तर तुम्ही काय म्हणाल? ठरवणार कोण? न्यायालय ठरवेल हे खरं, पण दहा वर्षांनी. तोवर घाबरट प्राचार्य ठरवेल, आणि घाबरट प्राचार्य काय ठरवतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ताई, मी तीस वर्षं अटलांटात आहे. हे अ‍ॅक्रेडिटर म्हणजे एकाच विचाराच्या प्राध्यापकांचा क्लब आहे. आम्ही गव्हर्नर निवडून देतो, आमदार निवडून देतो. या क्लबला कोणी मत दिलं? सरकारी कॉलेज आमच्या करावर चालतं, मग त्यावर लोकांनी निवडलेल्या माणसांचं चालायला नको का? — एक निवृत्त इंजिनिअर, जॉर्जिया

भाऊ, क्लब आहे हे मान्य. आमच्या कॉलेजात यायच्या त्या समितीतले सगळे आपसात पहिल्या नावाने हाक मारायचे. मत कोणी दिलं, तर कोणीच नाही. पण तुम्ही राहता त्याच राज्यातली एक हकीकत सांगते. तुम्ही जाण्याच्या फार आधीची.

१९४१. जॉर्जियाचा गव्हर्नर यूजीन टॅल्मेज. (इथल्या वाचकांसाठी : तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्री समजा.) लोकांनी भरघोस मतांनी निवडलेला, लाल गॅलिस घालून भाषणं ठोकणारा. जॉर्जिया विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचे अधिष्ठाते होते वॉल्टर कॉकिंग, मूळचे आयोवाचे. त्यांच्यावर आळ आला की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकावं असं ते बोलले. कॉकिंगनी नाकारलं. टॅल्मेज स्वतः विद्यापीठांच्या नियामक मंडळावर होता. मे महिन्यात त्याने कॉकिंगना काढायला लावलं. विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणाले, मग मीही जातो. जूनमध्ये फेरसुनावणी झाली आणि ८ विरुद्ध ७ अशा एका मताने कॉकिंग वाचले. टॅल्मेजने काय करावं? मंडळावरची तीन माणसं बदलली. जुलैत पुन्हा मतदान, १० विरुद्ध ५, कॉकिंग घरी. त्यांच्याबरोबर स्टेट्सबरोच्या टीचर्स कॉलेजचे अध्यक्ष मार्व्हिन पिटमनही.

त्या वर्षअखेर दक्षिणेच्या मान्यता-मंडळाने, म्हणजे तुमच्या क्लबने, जॉर्जियातल्या गोऱ्यांसाठीच्या दहा सरकारी कॉलेजांची मान्यता काढून घेतली. कारण दिलं राजकीय हस्तक्षेप. मुलं रस्त्यावर आली, टॅल्मेजचे पुतळे टांगले. कॉकिंगचं काय व्हायचं ते होवो, आमच्या डिग्रीला शेजारच्या राज्यात कोण विचारणार, ही धास्ती घरोघर गेली. नाशिकच्या वडिलांना आज जी आहे तीच. १९४२च्या निवडणुकीत महाधिवक्ता एलिस अर्नॉल याच मुद्द्यावर उभा राहिला आणि टॅल्मेज पडला. १९४३मध्ये गव्हर्नरला नियामक मंडळावरून हटवलं, त्या मंडळाला राज्यघटनेत जागा दिली आणि मान्यता परत आली.

तेव्हा मतदारांचं चाललं नाही असं नाही. चाललं, पण त्यांना घरातली मान्यता गेल्यावर कळलं की गव्हर्नरने काय केलं होतं.

मात्र त्या क्लबला हार घालण्याआधी थांबा. वर ‘गोऱ्यांसाठीच्या’ असं लिहिलंय ते मुद्दाम. हेच मंडळ त्या काळात काळ्यांच्या कॉलेजांना बरोबरीचं सदस्य करून घेत नव्हतं, त्यांची यादी वेगळी ठेवायचं. आणि वर्णभेद मोडू असं अर्नॉलही म्हणत नव्हता. सगळे एकाच पंगतीतले होते, भांडण फक्त वाढपी कोण याचं होतं. तरी त्या भांडणातून जॉर्जियाच्या विद्यापीठांना गव्हर्नरपासून थोडी भिंत मिळाली, आणि तुमच्या राज्याच्या घटनेत ती आजही आहे.

ती भिंत कागदावर कशी दिसते ते मी जवळून पाहिलंय. दक्षिणेच्या मंडळाच्या निकषांत एक कलम आहे : नियामक मंडळ कॉलेजला बाहेरच्यांच्या गैरवाजवी दबावापासून वाचवतं का? या कलमाचा गठ्ठा माझ्याकडे असे. त्यात बहुतेक सभांची इतिवृत्तं, अगदी निरस. एकदा अध्यक्षांच्या कार्यालयातून मला एक मेल पुढे पाठवलेला आला. एका आमदाराच्या कचेरीने विचारलं होतं की इतिहासाच्या अमुक कोर्सच्या वाचनयादीत अमुक पुस्तक कोणी घातलं. वर आमच्या अध्यक्षांचं फक्त एक प्रश्नचिन्ह. मी तो छापला, भोकं पाडली आणि गठ्ठ्यात लावला. वर्षभराने समिती आली. अलाबामाचे एक वयस्क प्राध्यापक, चष्मा दोरीने गळ्यात. पानं उलटता उलटता त्या कागदाशी थांबले. चष्मा चढवला, पुन्हा वाचला.

“यावर काय केलंत?”

“काहीच नाही.”

“बरं.” आणि पान उलटलं.

एवढंच. पण पुढे कचेरीतून फोन आले की आमचे अध्यक्ष गोड आवाजात सांगायचे, “सांगतो बघून, पण अ‍ॅक्रेडिटरला दाखवावं लागतं हो सगळं.” फोन कमी झाले. आईने ‘बाबांना सांगेन’ म्हणावं तसं ते होतं. बाबा कधी उठून आले नाहीत.

आता हाच बाबा कोणाला नकोसा झाला ते बघा. २०२१मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने आपल्या तीन प्राध्यापकांना राज्याच्या मतदान कायद्याविरुद्ध न्यायालयात साक्ष द्यायला मनाई केली. गवगवा झाल्यावर ती मागे घेतली. पण दक्षिणेच्या मंडळाने पत्र लिहून विचारणा केलीच. काही महिन्यांत, २०२२ला, फ्लोरिडाचा तो मंडळ बदलायचा कायदा आला. २०२३ला नॉर्थ कॅरोलिनाने तसाच केला. गंमत अशी की विविधतेचा निकष ज्या मंडळांनी घातला त्यात हे दक्षिणेचं मंडळ नव्हतंच. ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा जाहीर झाली तो यांनी केलेला नाही. यांनी पत्र लिहिलं होतं.

आणि २०२५मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने जूनमध्ये कोलंबियाच्या आणि जुलैत हार्वर्डच्या अ‍ॅक्रेडिटरला कळवलं की ही विद्यापीठं भेदभावविरोधी कायदा पाळत नाहीत, तुम्ही बघा. ज्यू विद्यार्थ्यांना त्रास झाला ही तक्रार पोकळ होती असं मी म्हणत नाही. पण अ‍ॅक्रेडिटरने राजकारणात पडू नये म्हणणाऱ्यांनीच अ‍ॅक्रेडिटरच्या हातात काठी देऊन बोट दाखवावं, हे तुम्हाला इंजिनिअर म्हणून कसं दिसतं?

मावशी, मी इथे एलएल.एम. करतेय. बार असोसिएशनने लॉ स्कूलच्या मान्यतेतला विविधतेचा नियम थांबवला म्हणे. माझ्या न्यूयॉर्क बारच्या परीक्षेला काही अडचण? — एक विद्यार्थिनी, टेक्सास

नाही गं. तो नियम फेब्रुवारी २०२५मध्ये स्थगित झाला, तो लॉ स्कूलने काय करावं याचा होता, तुझ्या पात्रतेचा नव्हता. एलएल.एम.ला बार असोसिएशन तशीही मान्यता देत नाही, देते ती जे.डी.ला, म्हणजे तिकडच्या वकिलीच्या मूळ पदवीला. तुझ्या एलएल.एम.पुरतं न्यूयॉर्क मुख्यतः बघतं ते हे की तुझं लॉ स्कूल बार असोसिएशनच्या मान्य यादीत आहे का आणि ठरलेले विषय धरून चोवीस क्रेडिट भरतात का. ते आजच मोजून घे, मार्चमध्ये एक क्रेडिट कमी पडल्याचं कळून रडणारी मुलगी मी पाहिलीय. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ला बार असोसिएशनच्या यादीवर विसंबायचं का याचा विचार सुरू केला, ते प्रकरण टेक्सासच्या सनदेचं आहे. तुला तिथेच वकिली करायची असेल तर पुन्हा लिही.

लेखिकाबाई, आपण दोन्हीकडच्या चुका दाखवून मोकळ्या होता. विधेयकाला हात वर करणार की नाही, ते एका शब्दात सांगा. आणि नॅकची एवढी टर उडवता, तर तुमच्या कॉलेजला ग्रेड कोणती मिळाली तेही छापा. — एक वाचक, पुणे

एका शब्दात : नाही. पुण्याचं पत्र असल्याने आणखी काही शब्द देते.

विधेयकातलं मुख्य वाक्य मला आवडलं. कॉलेजला कुठल्याही राजकीय मताची बाजू घ्यायला भाग पाडू नये. पण त्या वाक्याचा कर्ता एकच आहे, मान्यता देणारी संस्था. त्या जागी गव्हर्नर घाला, विधिमंडळ घाला, वॉशिंग्टनचं खातं घाला, अगदी मोठी देणगी देणारा शेठ घाला. मग मी दोन्ही हात वर करते. तपासणाऱ्याचे हात बांधायचे आणि पैसे देणाऱ्याचे मोकळे सोडायचे, तर कॉकिंगसारख्यांची फाईल कोणाच्या टेबलावर जाणार? त्या अलाबामाच्या म्हाताऱ्याने चष्मा चढवून तो मेल वाचला, तोही एका परीने राजकारणातच पडला होता.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तोंडाचा आहे, म्हणून कोल्हापूरच्या सरांना मी नॅकबद्दल घाईने हो म्हटलं नाही. आपली तपासणारी संस्थाच सरकारच्या पंखाखाली आहे. तिला तटस्थ राहा म्हणून कायदा करणारही सरकारच. शिवाय आपल्या समित्यांचा आजार बहुधा विचारसरणीचा नसतो. फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीआयने नॅकच्या एका पाहणी समितीतल्या माणसांना अटक केली ती चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून. त्यात डावं-उजवं काही नव्हतं.

राहिली ग्रेड. आमच्या कॉलेजला त्या फेरीत बी प्लस प्लस मिळाली. क्रायटेरियन सेव्हनमध्ये आम्ही चांगले गुण खाल्ले. उद्देशिकेचा फोटो होता, मुलींच्या कॉमन रूमचाही होता, नवे पडदे लावून काढलेला, अक्षांश-रेखांशासकट. गेल्या महिन्यात एका समारंभाला गेले होते तेव्हा सहज डोकावले. पडदे आहेत. दाराची कडी मात्र तेव्हाही लागत नव्हती, अजूनही लागत नाही. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते.